पुढची दोन चाकं

१

सुदर्शनची पिकअप लासूरच्या अलीकडं मोरीवर आदळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्याच्या आवारात माझ्यासमोर उभी होती. उभी कसली, डाव्या अंगावर बसलेली. हौद्यात वैजापूरचे कांदे तसेच होते आणि मे महिन्याच्या उन्हानं त्यांना वास सुटला होता. सुदर्शन सत्तावीस वर्षांचा होता. जागीच गेला.

मी सदाशिव पाटोदेकर, वय एकसष्ट, विमा कंपनीचा सर्व्हेअर. आमच्या घरात चार पिढ्या भिक्षुकी चालली. आजोबा लोकांच्या घरी जाऊन सत्यनारायण सांगायचे, मी लोकांची गाडी कशी मेली ते सांगतो. स्वभाव तापट आहे, गुडघे कामातून गेलेत, आणि उन्हात वाकायला लावलं की माझं डोकं फिरतं आणि मी काम उरकायला बघतो. हे आधीच सांगतो, कारण त्या दिवशी मी जो घोटाळा केला तो याच घाईतून झाला.

पुढचं डावं टायर फुटून चिंध्या झाल्या होत्या. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. इथं होतं ३११८. म्हणजे दोन हजार अठराचं टायर, सात वर्षांचं म्हातारं. पुढच्या उजव्या टायरवरही तेच. अंगाला भेगा, वरून काळं पॉलिश. दोन्ही डिस्कना ब्रशनं चंदेरी रंग मारलेला, इतका हलगर्जी की ब्रशचे दोन केस रंगात तसेच चिकटलेले. मागची दोन चाकं मात्र कोरी करकरीत, ०८२५, डिस्कवर कंपनीचाच रंग. चारही चाकांच्या व्हॉल्व्हला काळा दोरा बांधलेला होता. आमच्याकडं दृष्ट लागू नये म्हणून सगळेच बांधतात, मी तिकडं बघितलंही नाही.

सुदर्शनचा थोरला भाऊ इंद्रजीत तिथंच भिंतीला टेकून बसला होता. तोही पिकअपच चालवतो, याच मॉडेलची, पण जुनी. वडील नाहीत, त्यामुळं अग्नी त्यानंच दिला होता. तो म्हणाला, हा सेट बजाजनगरच्या बन्सीनं विकला. लोक नवी गाडी घेतात, हौसेनं चकचकीत अलॉय चाकं आणि रुंद टायर टाकतात, मग उतरवलेली कंपनीची चाकं बन्सी उचलतो आणि गरजूला विकतो. एप्रिलमध्ये सुदर्शननं त्याच्याकडून चारही चाकं कोरी म्हणून घेतली होती. 

मला सगळं लख्ख दिसलं. दोन चांगली, दोन रंगवलेली भंगार, असा मिसळीचा धंदा मी तीस वर्षं पाहतोय. ऊन लागत होतं. मी गाडीच्या टपावरच कागद ठेवून फौजदार सोनिया मॅडमना टिपण लिहून दिलं की विक्रेत्यानं जुनी चाकं नवी म्हणून दिली आणि मृत्यू त्यामुळं झाला. त्याच संध्याकाळी बन्सीला उचललं. त्याआधी इंद्रजीतनं आणि गल्लीतल्या पोरांनी त्याचं दुकान फोडलं आणि त्याचा हात मोडला.

गुरुवारी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं, तर पायरीवर एक बाई बसलेली होती.

२

बाईचं नाव वच्छलाबाई. बन्सीची बायको. तिनं मला खालून वर बघितलं आणि विचारलं, "तुमीच का ते नंबर वाचणारे?"

मी म्हणालो, हो, आणि मी लिहिलं ते खरंच लिहिलंय.

"नंबर वाचला तुमी. माज्या नवऱ्याला काय इचारलं का?"

विचारलं नव्हतं. हे मला तिच्या तोंडावर कबूल करणं जड गेलं, म्हणून मी उगाच खेकसलो की पोलीस विचारतील. ती उठली नाही. म्हणाली, सोमवारपर्यंत कोठडी आहे, मग हर्सूलचा तुरुंग. दोन दिवस त्यानं अन्नाला हात लावलेला नाही. तीस वर्षं तो चाकं विकतोय, आणि आता गल्लीत त्याला पोरगं मारणारा म्हणतात. सुटून आला तरी या नावासकट तो जगायचा नाही. हे ती रडून सांगत नव्हती, बाजारातली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. मला लाज वाटली. मी चहा न घेताच गाडी काढली.

कोठडीत बन्सी भिंतीशी पाय दुमडून बसला होता. अठ्ठावन्न वर्षांचा, किडकिडीत, उजवा हात कोपरापासून सुजलेला. मी विचारलं, ती दोन चाकं कुठून आली?

"साहेब, मी चार दिली ती चारबी एकाच नंबराची. शून्य आठ पंचवीस. त्या पोराला मीच बोट ठेवून वाचून दावले. लई खुश झालतं पोरगं."

मी म्हणालो, पुरावा काय? तो म्हणाला, पुरावा कन्नडला आहे. तिथल्या अभयनं पाडव्याला नवी पिकअप घेतली आणि आठ दिवसांत अलॉय बसवले. त्याची उतरवलेली चार चाकं बन्सीनं उचलली. पण पाचवं चाक, स्टेपनी, ती अभयच्याच गाडीखाली राहिली. कंपनी पाचही टायर एकाच खेपेतली लावते. बन्सी कुणाचाही सेट उचलताना आधी गाडीखाली झोपून स्टेपनीचा नंबर वाचतो, मग चारी चाकं तिच्याशी जुळवतो. जुळली नाहीत तर मालक कितीही मोठा असो, तो रिकामा परत येतो.

मी तीस वर्षं या धंद्यात आहे आणि ही युक्ती मला कधी सुचली नव्हती. पण सोनिया मॅडम माझ्यामागं उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, स्टेपनी जुळली तर एवढंच ठरेल की चांगला सेट याच्या दुकानात आला. त्यातली दोन यानं दुकानात बदलली नाहीत, हे कुठं ठरतं?"

बन्सीनं मान खाली घातली. मी वहीत अभयचा पत्ता लिहून घेतला.

३

शुक्रवारी कन्नडला गेलो. अभयचा मळा घाटाच्या अलीकडं, ऊस, आलं, विहिरीवर दोन मोटरी. अभय तिशीचा, गॉगल डोक्यावर, बोलायला गोड पण आतून घुश्शात. पोलिसांचा फोन येऊन गेला होता ना. गाडी मात्र पाहण्यासारखी होती. शेतीसाठी घेतलेली पिकअप, पण रुंद टायर, काळे चमकणारे अलॉय, चाकं बाहेर आलेली.

तो म्हणाला, "साहेब, आमी काय दोन टायर चोरायलोत का? आमच्या टायरचं मापच येगळं हाय, काढून बघा, मंग बोला."

मीही ऐकणारा नव्हतो. म्हणालो, माप नको, स्टेपनी बघू द्या. भर अंगणात, त्याच्या आईच्या आणि दोन गड्यांच्या देखत, मी पोतं अंथरून गाडीखाली सरपटत गेलो. गुडघ्यांनी शिव्या घातल्या. स्टेपनीवर अजून कारखान्याचा कागद चिकटलेला होता आणि कडेला आकडे होते, ०८२५.

म्हणजे बन्सी खरं बोलला. चारही चाकं चांगलीच निघाली होती. आणि म्हणजे खराब दोन चाकं नंतर घुसली, अभयच्या अंगणानंतर. मॅडमचं म्हणणं आणखी पक्कं झालं. मी बन्सीला सोडवायला म्हणून आलो आणि त्याचाच फास आवळून निघालो होतो.

अभयच्या आईनं चहा आणला. तिला बन्सीबद्दल वाईट वाटत होतं. म्हणाली, माणूस देवाला भिणारा होता. नव्या गाडीच्या चाकांना तिनं पूजेच्या दिवशी दोरे बांधले होते. बन्सीनं चाकं उचलण्याआधी ते चारही दोरे कापले, कागदात गुंडाळले आणि तिच्या हातात दिले. दुसऱ्याच्या घरची राखण मी विकत नाही, ज्याचं त्यानं बांधावं, असं म्हणाला.

मी चहा पिऊन निघालो. दौलताबादच्या पुढं आलो आणि गाडी एकदम कडेला घेतली. मागचा ट्रकवाला मला काय काय बोलून गेला. मी ऐकत नव्हतो. चारही चाकांना काळा दोरा बांधलेला मी स्वतः पाहिला होता, खराब दोन चाकांनासुद्धा. बन्सी तर दोऱ्याशिवाय चाक विकायचा. मग ते दोरे कुणी बांधले, आणि कधी?

४

घरी न जाता तसाच ठाण्यावर आलो. उन्हं उतरली होती. ज्या गाडीला मी तीन दिवसांपूर्वी दहा मिनिटांत उरकलं, तिच्यापुढं मी आता मांडी घालून बसलो.

आधी मागची चाकं पाहिली. व्हॉल्व्हभोवती काळा सुती दोरा, त्याला ओळीनं सात गाठी, अखंड. चिखलानं आणि उन्हानं विटलेला. मी तो नखानं जरा सरकवला. त्याच्याखाली डिस्कवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. वाळून घट्ट झालेलं, पण लाल.

मग पुढची. दोरा तोच, तसाच विटलेला, सात गाठी. पण त्यात आठवी गाठ होती. दोरा एकदा कापला होता आणि टोकं पुन्हा जोडली होती. ओझ्यावरची ताडपत्री आवळताना ड्रायव्हर मारतात तशी ती दुहेरी गाठ होती. दुसऱ्या पुढच्या चाकालाही तसंच. दोन्हीकडं दोरा सरकवून बघितलं. खाली नुसता चंदेरी रंग. कुंकू नाही.

मी सोनिया मॅडमना फोन करून विचारलं, सुदर्शनच्या घरून कुणाचा जबाब घेतलाय का. त्यांनी बायकोचा, मोनिकाचा जबाब वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती. नवी चाकं घरी आली त्या दिवशी सासूबाई गोजरबाईंनी चारही चाकांना कुंकू लावलं आणि वर दोरा बांधला.

चारही चाकांना. म्हणजे ज्या चार चाकांना गोजरबाईंनी दोरा बांधला, त्यातली दोन आता या गाडीला नव्हती. त्यांचे दोरे कापून या भंगार चाकांना बांधले होते. दोरा हलवता आला, कुंकू हलवता आलं नाही. आणि हे सगळं चाकं घरी आल्यावर, पूजा झाल्यावर घडलं होतं. बन्सीचा हात त्यात असूच शकत नव्हता.

इथवर आलो आणि सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण पुढचा प्रश्न वाईट होता. चोर चाक काढतो आणि पळतो, दोरा पुन्हा बांधत बसत नाही. पंक्चरवाला दोरा कापतो आणि टोपल्यात टाकतो. आईनं बांधलेला दोरा जपून कापायचा आणि त्या पोराच्या चाकाला परत बांधायचा, हे त्याच पोराची काळजी असलेल्या माणसाचं काम. सुदर्शननं स्वतः चाकं काढून दिली असती, तर त्यानं घरात सांगितलं असतं आणि मोनिकाच्या जबाबात ते आलं असतं.

 त्या रात्री आधीच्या टिपणाची नक्कल मी वहीत तशीच ठेवली, फाडली नाही. आपण काय लिहून बसलो ते दिसत राहायला हवं होतं.

५

शनिवारी सकाळी बजाजनगरला त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड. मॅडमना मी बरोबर घेतलं नव्हतं. सुतकाच्या घरी वर्दी नको, असं मी त्यांना सांगितलं, आणि त्याही का कोण जाणे हो म्हणाल्या होत्या.

शेडमध्ये इंद्रजीतची पिकअप होती. पुढची दोन्ही चाकं काढलेली, गाडी दगडांवर उभी. मागच्या चाकांच्या डिस्क ब्रशनं चंदेरी रंगवलेल्या. मी वाकून बघितलं. रंगात ब्रशचे केस चिकटलेले होते.

इंद्रजीत दारात आला. त्यानं माझ्याकडं आणि मी कुठं बघतोय तिकडं बघितलं. म्हणाला, "दोनी पंक्चर झालेत. सुतकात गाडी काढत नाय आमी."

मी आत गेलो. गोजरबाई पलंगावर बसल्या होत्या, मोनिका खाली भिंतीला टेकून. मला पाणी दिलं. मी प्यालो नाही, हातातच धरलं. मग जे होतं ते सांगितलं. आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. स्टेपनीचा नंबर सांगितला, सात गाठी सांगितल्या, आठवी सांगितली, कुंकू सांगितलं. शेवटी म्हणालो, सोमवारी बन्सीला कोर्टात उभं करणार आहेत, आणि तो माझ्या कागदावर आत बसलाय.

 बाहेर शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली. इंद्रजीत चौकट धरून उभा होता. त्यानं मला खोटं पाडलं असतं, तर खरं सांगतो, मला बरं वाटलं असतं.

गोजरबाई उठल्या. मोनिकाला म्हणाल्या, "ती बाजू धर गं." दोघींनी पलंग भिंतीपासून ओढला. मागं गोधडीत गुंडाळून दोन चाकं ठेवलेली होती. म्हातारीनं गोधडी बाजूला केली. कोरी टायरं, कंपनीची डिस्क, आणि दोन्ही व्हॉल्व्हच्या बुडाशी कुंकवाचं एकेक बोट.

"मला वाचता येत नाय, सायेब. पर माजं बोट मला वळकू येतं. काल झाडताना दिसलं. काल दिसभर गप बसले मी. एकच पोरगं ऱ्हायलंय मला."

मग इंद्रजीत खाली बसला आणि बोलायला लागला. रविवारी त्याला कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला भरलेली गाडी न्यायची होती. त्याची पुढची टायरं संपलेली होती. शनिवारी रात्री सुदर्शन जेवून झोपला होता. इंद्रजीतनं शेडमध्ये जॅक लावला आणि दोन गाड्यांची पुढची चाकं अदलाबदल केली. आपल्या डिस्का त्यानं दसऱ्याला रंगवलेल्या होत्या, धाकट्याच्या पटकन लक्षात यायचं नाही. दोन दिवसांनी परत लावणार होता. वैजापूरचा रस्ता सरळ, सोमवारी धाकट्याला काय होतंय, असं त्याला वाटलं. रविवारी घाट नीट उतरला, रात्री उशिरा घरी आला. सोमवारी पहाटे सुदर्शन कांदे आणायला निघून गेला होता.

मोनिकानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. तिनं विचारलं, "मागितली का नाय? ते देत होते की तुमाला."

"थोरला हाय मी," तो म्हणाला. "त्यानं नवी घेतली, मला घेता आली नाय. धाकट्याकडं मागायची लाज वाटली."

दोऱ्याचं मी विचारणार नव्हतो. त्यानंच सांगितलं. आईचा दोरा त्यानं स्वतःच्या गाडीवर कधी बांधू दिला नव्हता, असलं नको म्हणायचा. त्या रात्री चाकं फिरवून झाली आणि दोऱ्याचे तुकडे त्याच्या हातात राहिले. ते टाकवेनात. मायचा हात त्याच्या चाकावर राहू दे, म्हणून बांधले.

मी म्हणालो, "आणि बन्सी? त्याचा हात मोडलास तू."

तो बसल्या जागी जमिनीवर बोट घासत राहिला. मग म्हणाला, "लोक इचारत होते कुणाची चाकं, कुणाची चाकं. माज्या तोंडातून त्याचं नाव गेलं. मंग ते मागं घेता आलं नाय."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण नाव मागं न घेणाऱ्यांत मीही होतो. त्यानं तोंडानं घेतलं, मी सही करून.

गोजरबाईंनी डोक्यावरून पदर सारखा केला. त्यांनी पोराला मारलं नाही की कवटाळलं नाही. चपला त्याच्या पुढं सरकवल्या आणि म्हणाल्या, "घाल. त्या बाईचा माणूस तिथं उपाशी हाय."

मी त्यांना माझ्या गाडीतून नेलं. चाकं डिकीत ठेवली. म्हातारी मागं पोराच्या शेजारी बसली होती. वाळूजचा सिग्नल लागला तेव्हा मी आरशात पाहिलं, तिनं त्याचं मनगट धरलेलं होतं, लहान पोराचं रस्ता ओलांडताना धरतात तसं.

ठाण्यात वच्छलाबाई बाकावर डबा घेऊन बसली होती. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं पाहिलं.  इंद्रजीतनं सगळं पुन्हा सांगितलं, मी नवीन टिपण लिहून दिलं आणि जुन्यावर माझ्याच हातानं खोटं असं लिहून सही केली. सोनिया मॅडमनी शांतपणे सगळं उतरवून घेतलं. मग गोजरबाईंचा जबाब सुरू झाला. नाव, वय, गाव. पुढचा रकाना नात्याचा होता.

मॅडमनी वर न बघता विचारलं, "तुम्ही मयताच्या आई, की आरोपीच्या?"

"दोगांचीबी," गोजरबाई म्हणाल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग हवालदाराला हाक मारून बन्सीला बाहेर आणायला सांगितलं.